डाव्या दातांची खूण

जुना पाइप विकायला आणणारा माणूस तो नुसता जुना म्हणून कधीच आणत नाही. तो पाइप निजामाच्या काळातल्या कुण्या जहागीरदाराचा असतो, नाहीतर एखाद्या गोऱ्या साहेबाचा. मी सगळं ऐकून घेतो. मग पाइप हातात घेऊन त्याची काळी नळी, म्हणजे दातांत धरायचा भाग, अंगठ्यानं खसाखसा घासतो आणि नाकाला लावतो. गंधकाचा वास आला तर नळी जुन्या कडक रबराची. नाही आला तर प्लास्टिकची, आणि गोरा साहेब तिथल्या तिथं खोटा पडतो. एवढं झाल्यावरही काही जण वाद घालतात. अशांना मी चहासुद्धा विचारत नाही.

परभणीत हा उद्योग करणारा मी एकटाच असेन. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केली. परीक्षानळ्या धुतल्या, स्पिरिटचे दिवे भरले, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. निवृत्त झाल्यावरही हातांना तेच काम हवं होतं. आज कपाटात बावीस पाइप आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी आहे, आणि ओढणारं कुणी नाही. बायको पाहुण्यांना सांगते, ‘आमच्याकडं धूर सोडून सगळं हाय.’ पाहुणे हसतात, मीही हसतो. हे सगळं कशापायी सुरू झालं ते तिला ठाऊक आहे, त्यामुळे ती चेष्टा तेवढ्यावरच थांबवते.

मला खरं तर एकच पाइप हवा होता. माझ्या बाबांचा.

बाबा येलदरीच्या वीजघरात फिटर होते. धरणावरचा एक इंजिनिअर बदली होऊन जाताना त्यांना आपला पाइप देऊन गेला. का दिला ते बाबांनी कधी सांगितलं नाही. माय म्हणायची, ‘साहेबाच्या बाईनं सोडायला लावला आसंल, आन् ह्यांच्या गळ्यात पडला.’ वसाहतीत बिड्या ओढणारे पुष्कळ होते, चिलीम ओढणारे तीन-चार होते, पाइप मात्र एकट्या बाबांचा. त्यात भरायची खरी तंबाखू जिंतूरलाही मिळत नसे. बाबा बिडीचीच तंबाखू तळहातावर चोळायचे, तिच्यावर गुळाच्या पाण्याचे चार थेंब शिंपडायचे आणि कागदाच्या पुडीत बांधून खिशात मुरायला ठेवायचे. तो गोडसर, करपट वास मला आजही कधी गुऱ्हाळाजवळून जाताना येतो आणि पाय थांबतात.

पेटवायचा तो दिवसातून एकदाच. पहिली पाळी करून आले, जेवले, की क्वार्टरच्या पायरीवर बसून. विझलेला मात्र दिवसभर तोंडात. डावीकडून धरायचे, त्यामुळे त्यांचे शब्दही डावीकडूनच बाहेर पडायचे. डावीकडचा एक सुळा अर्धा तुटलेला होता, कधीतरी पाना निसटून लागला होता म्हणे. त्या तुटक्या सुळ्यानं नळीच्या वरच्या अंगाला, अगदी कडेशी, एक खोल खड्डा पाडला होता. खालच्या अंगाला दोन उथळ.

हे मी जवळून पाहिलेलं नाही. आम्हा पोरांना पाइपला हात लावायची सोय नव्हती. हे सगळं मायनं सांगितलेलं. दुपारी बाबा पायरीवरच भिंतीला टेकून झोपी जायचे आणि पाइप दातांत तसाच. राख अंगावर सांडू नये म्हणून माय तो हळूच काढून घ्यायची. ‘झोपीत बी सोडायचे न्हाईत,’ ती सांगते. ‘कुत्र्याच्या तोंडातून भाकर काढल्यावानी काढावा लागायचा.’ आणि हे सांगताना तिचा अंगठा दुसऱ्या बोटावर आपोआप फिरायला लागतो.

बाबांची दुसरी खोड नंबर मारायची. वीजघरात हत्यारं इकडची तिकडं व्हायची, म्हणून प्रत्येक फिटर आपल्या पान्यावर, हातोडीवर लोखंडी ठशानं आपल्या बिल्ल्याचा नंबर ठोकायचा. बाबांचा एकशे सतरा. ते ठसे एकदा घरी आणून त्यांनी तांब्या, पेले, ताटल्या, परात, जे हाती लागेल त्यावर एकशे सतरा ठोकून काढला. लोकांच्या घरी भांड्यांवर नाव घालतात, लग्नाची नाहीतर बारशाची तारीख घालतात. आमच्या घरी बिल्ला. ‘माझ्या बी कपाळावर एक ठोका म्हंजे हरवायची न्हाई,’ असं माय म्हणायची, आणि बाबा खरंच ठसा घेऊन उठायचे.

एकदा पाइप पडला आणि त्याची मान, म्हणजे तंबाखू भरायची वाटी आणि नळी यांच्या मधला लाकडी भाग, तडकली. बाबांनी जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार सोडवली आणि मानेवर तिचे वेढे घेतले, इतके घट्ट की तार लाकडात रुतून बसली. पायरीवर ऊन आलं की ती चमकायची. पोरांनी पाइप लांबूनच बघायचा असल्यामुळे माझ्या डोळ्यांत राहिली ती तेवढी चमक.

बाबा गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. छातीचं दुखणं, फार दिवस चाललं नाही. क्वार्टर रिकामं करायचं होतं. माय कोपऱ्यात बसून होती, सामान मी बांधत होतो, आणि दारात बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर नवी भांडी देणारी ती बाई आमच्या ओळखीची होती. मी बाबांचे सदरे, पायजमे, सगळं तिच्यापुढं टाकलं. तिनं उलटून पालटून पाहिलं आणि स्टीलचा एक मोठा डबा काढून दिला. झाकण मात्र हातातच ठेवलं.

‘झाकणाला आजून एक कपडा लागंल, दादा.’

मला संताप आला. झाकणाशिवाय कधी डबा असतो का, असं म्हणून मी त्या बाईशी भांडलो. बाप गेल्यापासून मी रडलो नव्हतो, कुणावर ओरडलो नव्हतो, ते सगळं मी त्या झाकणावर काढलं. ती काही ऐकेना. शेवटी खुंटीवरचा बाबांचा खाकी कोट ओढला, तिच्या गाठोड्यावर फेकला आणि झाकण घेतलं. डब्यावर दाबून बसवलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटलं.

पाइप त्या कोटाच्या आतल्या खिशात होता.

मायनं तो संध्याकाळी विचारला. मी सायकल घेऊन जिंतूरच्या रस्त्याला लागलो. बोहारीण सापडली तिसऱ्या दिवशी. कोट तिनं आठवडी बाजारात कधीच पुढं दिला होता. ‘खिशात काय हाय ते घरच्यानं बगावं, दादा,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं.

माय मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. फक्त ते झाकण तिनं त्या डब्यावर पुन्हा कधी लावलं नाही. आजही डब्यात ज्वारीचं पीठ असतं आणि वर एकशे सतरा नंबरची ताटली असते. मायच्या भांड्यांत बिननंबराचं तेवढं एकच. झाकण स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर चाळीस वर्षं पालथं पडून आहे, आणि बायकोनं एकदा ते भंगारात टाकू का विचारलं तेव्हा मी उगाच तिच्यावर खेकसलो.

तेव्हापासून मी शोधत होतो. आधी बाजारात जुने कपडे विकणाऱ्यांच्या गाठोड्यांत हात घालायचो. मग भंगारवाल्यांकडे जायला लागलो. पूर्णेला गेलो, चुडाव्याला उतरलो, सेलूकडे जाताना देवगाव फाट्यावर थांबायचा तर नेमच झाला. पाइप आहे का म्हटलं की लोक मोटारीचा, विहिरीचा, सगळे पाइप दाखवायचे. तोंडात धरायचा म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघायचे.

असं शोधता शोधता मला पाइप कळायला लागले. हैदराबादचा एक म्हातारा संग्राहक फोनवर ओळखीचा झाला, त्यानं शिकवलं. चांगली वाटी एका परदेशी झुडपाच्या मुळाच्या गाठीतून कोरतात. तिच्या एका अंगाला रेषा उभ्या धावतात आणि दुसऱ्या अंगाला बारीक गोल ठिपके दिसतात. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर लाकूड साधं आणि वरून रंग. पांढऱ्या मऊ दगडाचेही पाइप असतात, ते ओढता ओढता मधासारखे पिवळे होतात. पण पिवळेपणा वरून खाली सारखाच असेल तर तो चहाच्या पाण्यात उकळलेला समजावा, कारण धूर असा सारखा कधी चढत नाही. चांदीचं कडं असेल तर त्यावरचे शिक्के भिंगातून बघावे. मानेवर देशाचं नाव कोरलेलं असतं, ते कुठल्या धाटणीचं आहे त्यावरून वय काढता येतं. आणि नळी जुनी असली तर उजेडानं हिरवट, शेवाळी होते. अशी नळी कडकडीत पाण्यात धरली की रबर मूळच्या आकारावर येतं, दाताचे खड्डे आपोआप वर उठतात. मग बारीक पॉलिश कागद, मग तेल. पहिल्यांदा ते खड्डे वर येताना पाहिले तेव्हा मला शाळेतला प्रयोग जमल्याचा आनंद झाला होता.

मध्ये मायला काचबिंदू झाला आणि दोन्ही डोळे गेले. तेव्हा मी एक लबाडी केली. बाबांच्यासारखाच दिसणारा एक पाइप माझ्याकडे आला होता. मी त्याच्या मानेवर तांब्याची तार गुंडाळली, नळी डावीकडून दातांत धरून दोन दिवस चावली, आणि मायच्या हातात दिला. तिनं अंगठा नळीवर ठेवला, फिरवला आणि हसायला लागली.

‘हे तुजे दात हायेत रं,’ ती म्हणाली. ‘ल्हानपणी पेन्सली चावायचास, ते मला ठावं न्हाईत का?’

मीही हसलो, पण तोंड लपवायला जागा नव्हती. ‘आसलं करू नगंस,’ ती नंतर म्हणाली. ‘खरा घावला तर आन. मला एकदा हातात धरायचाय त्यो.’ यापूर्वी तिनं कधी काही मागितलं नव्हतं. ती आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, आणि तिचं मागणं एवढं एकच.

गेल्या वर्षी देवगाव फाट्यावरच्या भंगारवाल्याचा फोन आला. ‘गुरुजी, तुमच्या कामाचं आलंय काईतरी.’ मी शाळेत गुरुजी नव्हतो हे त्याला पन्नासदा सांगून झालंय. कुण्या वाडीवरच्या म्हाताऱ्याच्या घरातली अडगळ त्यानं उचलली होती, त्यात हा पाइप होता. वाटी डांबरासारखी काळी. मानेवर वायरमनची काळी चिकटपट्टी, थरावर थर. नळी शेवाळी आणि दातांनी पार चघळलेली. मी पाइप उन्हाकडे धरून पाहिला. मला तांब्याची चमक हवी असायची, ती दिसली नाही. तेविसावा, असं मनात म्हणालो आणि पिशवीत टाकला.

इथं माझ्या मूर्खपणाला तोड नाही. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक नळीवरून मी आधी बोट फिरवायचो. पुढं बोट फिरवायचं राहिलं. खड्डे दिसले की ते कुणाचे असतील हा प्रश्न मनात यायचाच बंद झाला, ते काढायचे कसे एवढंच डोक्यात यायचं. बाबांचा पाइप शोधता शोधता मी पाइपवाला होऊन बसलो होतो.

घरी येऊन नेहमीप्रमाणे नळी आधी उपसली. पाणी उकळलं, त्यात धरली. कडेचा एक खड्डा हट्टी होता, इतर सगळे वर आले तरी तो येईना. मी पाणी पुन्हा उकळलं. तिसऱ्यांदा तो आला. उरलासुरला व्रण पॉलिश कागदानं घासला, तेल लावलं, आणि नळी काळीभोर झाली. वाटीत मीठ भरून वर स्पिरिट ओतलं, म्हणजे जुना वास निघून जातो, आणि रात्रभर तशीच ठेवली. बायकोला नळी नेऊन दाखवली सुद्धा. ‘नव्यावानी दिसायलीय,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिकटपट्टी सोडवायला बसलो. थर निघत गेले. खाली गोंदाची चिकट लुकण, ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, आणि लाकडात गोल गोल चऱ्या दिसायला लागल्या. एकाशेजारी एक, घट्ट वेढ्यांच्या. तार कुणीतरी काढून घेतली होती, तिच्या जागा राहिल्या होत्या. मी पाइप उलटा केला. मानेच्या खालच्या अंगाला, चऱ्यांच्या पुढं, काहीतरी बारीक होतं. भिंग आणलं. एक, एक, सात.

त्यांनी पाइपवरही नंबर ठोकला होता. अर्थात ठोकला असणार. ज्यानं परात सोडली नाही तो माणूस पाइप कसा सोडेल?

मी नळीकडे धावलो. तीच नळी, काल मीच कपड्यावर ठेवलेली. उजेडात धरली, भिंगाखाली धरली, नखानं चाचपली, जिभेनंसुद्धा चाचपली. गुळगुळीत. तो हट्टी खड्डा, जो तीनदा उकळून वर आणला, तो बाबांचा सुळा होता. चाळीस वर्षं, किती हातांतून आणि किती तोंडांतून जाऊनही तो टिकला होता. माझ्या हातात एक रात्र टिकला नाही. मी टेबलाशी बसून रडलो. बाबा गेले तेव्हाचं रडणं मी त्या दिवशी रडलो.

मायला सांगावं की नाही याचा दुपारपर्यंत विचार केला. पण तिला तो एकदा हातात धरायचा होता, आणि पाइप तर खराच होता.

ती पलंगावर बसली होती. मी तो तिच्या हातात ठेवला. ‘माय, घावला. ह्या खेपेला खरंच घावला.’

तिनं तो आधी नाकाशी नेला. तिथं स्पिरिटशिवाय काही नव्हतं. मग अंगठा नळीवर गेला, वरच्या अंगाला, डाव्या कडेला, नेमका त्या जागी. फिरला. थांबला. पुन्हा फिरला. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी अंगठ्याकडेच बघत राहिलो.

‘ह्यो न्हाई,’ ती म्हणाली.

‘एकशे सतरा हाय माय त्याच्यावर. हे बघ.’ मी तिचं बोट धरून नंबरावर टेकवलं. ताटल्यांवरचा नंबर ती अजून बोटानं ओळखते. पण लाकडातला ठसा झिजला होता, त्यात गोंद भरला होता, आणि तिच्या बोटाची कातडीही आता जाड झालेली.

‘मला काई लागंना.’

‘तिथं दात होते माय. मीच काढले. गरम पाण्यात घालून.’

‘दातांच्या खुणा कुठं गरम पाण्यानं जातेत व्हय?’ ती हसली, मागच्या खेपेसारखीच. ‘तार न्हाई, दात न्हाई, वास न्हाई. मग ह्यांचं काय हाय ह्याच्यात?’

तिनं माझा हात चाचपत शोधला आणि पाइप त्यात परत ठेवला. माझी मूठ तिनं आपल्या हातानं मिटली.

‘तू लय गुणाचा हायस,’ ती म्हणाली. ‘पर मला नगं फसवू. ठिव ह्यो तुज्या बाकीच्यांत. आन् धुंडत ऱ्हा. हाय कुठंतरी, जातोय कुठं?’

बाकीच्यांत तो ठेवला नाही. त्याला चिठ्ठीही लावली नाही. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, त्या झाकणाशेजारी आहे. कधी कधी मी तो काढतो, नळी डावीकडून दातांत धरतो आणि पुन्हा ठेवून देतो. चावत नाही. माझे दात ती ओळखते.

दर रविवारी मी पिशवी घेऊन निघतो. देवगाव फाट्यापर्यंत जातो, भंगारवाल्याबरोबर चहा पितो, परत येतो. आता तो कुठलाच पाइप दाखवत नाही आणि मी मागत नाही. घरी दारात चपला काढल्याचा आवाज झाला की आतून माय विचारते.

‘घावला का रं?’

‘न्हाई माय,’ मी म्हणतो. ‘धुंडायलोय.’